धंद्याच्या प्रसिद्धीसाठी पॉडकास्ट: संहितेपासून श्रोत्यांच्या हिशेबापर्यंत

१० जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची पॉडकास्टवरील पहिली मुलाखत प्रसिद्ध झाली. मुलाखत घेणारे निखिल कामत हे पत्रकार नव्हेत; ते झिरोधा या शेअर दलाली कंपनीचे सहसंस्थापक आहेत. बोलणे झाले ते बालपण, राजकारण आणि उद्योजकता यांविषयी. शेअर दलालीचा त्या गप्पांशी थेट संबंध नव्हता. एका व्यापारी माणसाने आपला माल न दाखवता एवढ्या लोकांचे लक्ष वेधून घेतले, हे पाहिल्यावर लहान-मोठ्या व्यावसायिकांच्या मनात एक प्रश्न साहजिकच आला: आपणही पॉडकास्ट सुरू करावा का? विपणन सल्लागार तर हल्ली पहिल्याच भेटीत हा सल्ला देतात. मात्र पॉडकास्ट म्हणजे नेमके काय, त्याची संहिता कशी लिहायची, तो कशावर रेकॉर्ड करायचा आणि त्यातून धंद्याला काय मिळते, याचे उत्तर बहुतेकदा ‘एक चांगला माइक घ्या’ एवढ्यावरच संपते. माइकचा क्रमांक या कामात बराच खाली लागतो, म्हणून येथे सुरुवात मुळापासून केली आहे.

पॉडकास्ट म्हणजे नेमके काय?

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरून भागाभागांत प्रसिद्ध होणारा बोलका कार्यक्रम, जो श्रोता आपल्या सोयीच्या वेळी ऐकतो. रेडिओपासून त्याला वेगळे करणारी गोष्ट म्हणजे फीड. फीड ही इंटरनेटवर ठेवलेली एक यादी असते. तिच्यात कार्यक्रमाचे नाव, प्रत्येक भागाचे शीर्षक, वर्णन आणि ध्वनिफितीचा पत्ता लिहिलेला असतो. श्रोत्याने एकदा आपल्या ॲपमध्ये त्या कार्यक्रमाची नोंद केली की ते ॲप ठरावीक काळाने ही यादी तपासते आणि नवा भाग दिसताच तो श्रोत्यापुढे आणून ठेवते. दुधाचा रतीब लावल्यावर रोज सकाळी मागणी करावी लागत नाही, पिशवी दारात येऊन पडते. येथेही तसेच घडते. यादी लिहिण्याच्या या पद्धतीला आरएसएस म्हणतात.

‘पॉडकास्टिंग’ हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ या वृत्तपत्रातील एका लेखात प्रथम आला आणि जून २००५ मध्ये ॲपलने गाणी ऐकण्याच्या आपल्या आयट्यून्स या सॉफ्टवेअरमध्ये पॉडकास्टची सोय केल्यावर तो जगभर पसरला. आज स्पॉटिफाय, ॲपल पॉडकास्ट्स आणि यूट्यूब ही ऐकण्याची प्रमुख ठिकाणे आहेत. पॉडकास्ट पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांची आपल्याकडील मासिक संख्या १०० कोटींवर गेल्याचे यूट्यूबने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. त्यामुळे कॅमेऱ्यापुढे बसून केलेल्या गप्पांनाही लोक आता पॉडकास्टच म्हणू लागले आहेत. हा बदल मान्य केला, तरी फीड स्वतःच्या नावावर असणे महत्त्वाचेच राहते. गूगलने २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स हे आपले ॲप बंद केले, तेव्हा ज्या कार्यक्रमांची स्वतःची फीड होती त्यांचे श्रोते दुसऱ्या ॲपवर जाऊन तोच कार्यक्रम पुढे ऐकू शकले. ज्याचा कार्यक्रम एकाच कंपनीच्या आवारात राहतो, त्याला ती कंपनी धोरण बदलेल तेव्हा हातपाय हलवायलाही जागा उरत नाही.

फीड आणि ध्वनिफिती ठेवण्याच्या सेवेला होस्टिंग म्हणतात. स्पॉटिफायची सेवा त्यासाठी पैसे घेत नाही; इतर अनेक सेवा मासिक शुल्क घेतात. निवड करताना विचारण्याचा प्रश्न एकच आहे: उद्या सेवा बदलायची ठरवली तर जुन्या फीडवरून नव्या फीडवर श्रोत्यांना आपोआप वळवण्याची सोय देता का? उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरी सेवा पाहावी.

ही जाहिरात नव्हे, मग व्यावसायिकाने पैसे का घालावेत?

हा विचार वाटतो तितका नवा नाही. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कोलंबोच्या रेडिओ सिलोनवरून अमीन सायानी यांच्या आवाजात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बिनाका हे सिबा या स्विस कंपनीच्या टूथपेस्टचे नाव. लोक रेडिओभोवती जमत ते गाण्यांचा क्रम ऐकायला, दात घासण्याविषयी ऐकायला नव्हे. पण टूथपेस्टचे नाव कार्यक्रमाच्या नावातच गुंफलेले असल्याने ते दर आठवड्याला घराघरांत उच्चारले जाई. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ८ भागांची एक विज्ञानकथा पॉडकास्ट म्हणून काढली. तिच्यातही कंपनीच्या यंत्रांचे गुणगान नव्हते, आणि आयट्यून्सच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

या दोन्ही उदाहरणांतला व्यवहार सारखाच आहे. श्रोता आपला वेळ देतो, कारण त्याला हवी असलेली गोष्ट तेथे मिळते; कंपनीला त्या बदल्यात ओळख आणि विश्वास मिळतो. ज्या क्षणी कार्यक्रम श्रोत्याच्या गरजेकडून दुकानदाराच्या गरजेकडे झुकतो, त्या क्षणी श्रोत्याचा अंगठा पुढच्या भागावर जातो. रेडिओवरची जाहिरात संपेपर्यंत निदान थांबावे लागे. येथे तेवढीही सक्ती नाही.

कोणत्या धंद्याला हे माध्यम मानवते?

वडापावच्या गाडीला पॉडकास्टची गरज नाही. तेथे निर्णय काही सेकंदांत होतो आणि तो वासावर होतो. पॉडकास्ट उपयोगी पडतो तो जेथे गिऱ्हाईक खरेदीपूर्वी आठवडेच्या आठवडे विचार करते, शेजाऱ्यांना विचारते, फसवणुकीला घाबरते आणि विक्रेत्याच्या बोलण्यावर सहज विश्वास ठेवत नाही, अशा धंद्यांना. घराच्या छतावर सौर पॅनेल बसवण्याचा धंदा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे, म्हणून या लेखात पुढे तेच घेतले आहे. समजा, साताऱ्यासारख्या शहरात एक व्यावसायिक हे काम करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना’ सुरू झाल्यापासून त्याच्याकडे चौकशा भरपूर येतात, पण चौकशी आणि काम यांच्यामध्ये प्रश्नांची मोठी दरी असते. अनुदान किती मिळते, छतावर किती जागा लागते, शेजारच्या नारळाची सावली पडली तर काय होते, पावसाळ्यात वीज किती मिळते, घेतलेल्या व परत दिलेल्या विजेचा हिशेब ठेवणारा नेट मीटर कोण बसवते, बिल खरोखर शून्य येते का? हे प्रश्न तो दिवसातून अनेकदा फोनवर ऐकतो आणि त्यांची उत्तरे त्याला पाठ असतात. त्याच्या पॉडकास्टचा कच्चा माल हाच आहे.

डॉक्टर आणि वकील यांना मात्र सावध राहावे लागते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करून काम मागता येत नाही आणि वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेत रुग्ण मिळवण्यासाठी प्रसिद्धी करण्यास मनाई आहे. कायद्याची किंवा आरोग्याची सर्वसाधारण माहिती देणे वेगळे आणि ‘माझ्याकडे या’ म्हणणे वेगळे; ही रेघ ओलांडली जाणार नाही याची काळजी संहिता लिहितानाच घ्यावी लागते.

विषय कसे निवडावेत?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फोनजवळ एक वही ठेवणे आणि गिऱ्हाईक जो प्रश्न विचारेल तो त्याच्याच शब्दांत उतरवणे. ‘सौरऊर्जेचे फायदे’ हा विषय नाही, ते शाळेतल्या निबंधाचे शीर्षक आहे. ‘पॅनेल बसवूनही बिल का आले?’ हा विषय आहे, कारण तो कोणाच्या तरी डोक्यात आधीपासूनच आहे. प्रत्येक भाग सुरू करण्यापूर्वी एक वाक्य लिहून काढावे: ‘हा भाग ऐकल्यावर श्रोत्याला अमुक कळेल.’ या वाक्यात ‘आणि’ दोनदा आला, तर बहुधा दोन भागांचा ऐवज एका भागात कोंबला जात आहे.

गिऱ्हाइकाच्या मनात असलेला पण तोंडावर न येणारा प्रश्नही घ्यावा. ‘तुमच्यासारखे लोक पैसे घेऊन गायब होतात, त्याचे काय?’ असे समोरासमोर कोणी विचारत नाही. स्वतःच्या धंद्यातील खोट उघडपणे सांगणारा भाग काढण्यास व्यावसायिक कचरतात. माझ्या मते सर्वांत आधी तोच काढला पाहिजे. सौर पॅनेल कोणी घेऊ नये, कोणत्या छतावर ते परवडत नाही, कंत्राटदाराकडून लेखी काय घ्यावे, हे स्वतः कंत्राटदाराने सांगितले की पुढच्या भागांतील त्याच्या शब्दाला वजन येते.

संहिता: लिहायची डोळ्यांनी, तपासायची कानांनी

संहिता पूर्ण लिहावी की केवळ मुद्दे? एकट्याने बोलण्याचा भाग असेल तर नवख्या माणसाने ती पूर्ण लिहावी. मुद्द्यांवरून बोलणे सोपे वाटते, परंतु सराव नसताना तोच मुद्दा तीनदा येतो, वाक्ये अर्धवट राहतात आणि संपादनात त्याची भरपाई करता करता रात्र होते. संवादाचा भाग असेल तर सुरुवात, शेवट आणि दोन मुद्द्यांना जोडणारी वाक्ये तेवढी लिहावीत. मधला भाग मोकळा सोडावा.

लिहिलेल्या मराठीत आणि बोललेल्या मराठीत जे अंतर आहे ते संहितेत मिटवावे लागते. ‘ग्राहकांनी या बाबीची नोंद घेणे आवश्यक आहे’ हे सूचना फलकावर चालते. कानाला ते सरकारी परिपत्रक वाटते. संहितेत ‘केले’, ‘असे’, ‘पाहिजे’ यांऐवजी ‘केलं’, ‘असं’, ‘पाहिजे ना’ असेच लिहावे, कारण कागदावर जे असते ते तोंडात येतेच. आपल्या भागातील बोलीचा लहेजा असेल तर तो राहू द्यावा. साताऱ्याच्या माणसाने पुण्याच्या वृत्तनिवेदकासारखे बोलण्याचा प्रयत्न केला की त्याचे अर्धे लक्ष उच्चारांकडे जाते आणि जे सांगायचे त्यातला जीव जातो.

वाचताना मागची ओळ पुन्हा पाहता येते, पण ऐकताना तसे करता येत नाही. श्रोता गाडी चालवत असतो, भांडी घासत असतो किंवा फिरायला निघालेला असतो. म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. कर्ता आणि क्रियापद यांच्यात लांबलचक उपवाक्य अडकवू नये. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ असे म्हणण्याऐवजी तो मुद्दा दोन शब्दांत पुन्हा सांगावा. आकड्यांच्या बाबतीत तर विशेष संयम हवा. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला १ किलोवॉटसाठी ३०,००० रुपये, २ किलोवॉटसाठी ६०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी ७८,००० रुपये अनुदान मिळते. हे वाक्य येथे वाचायला सोपे आहे, पण बोलताना सहा आकडे एकापाठोपाठ आले की एकही लक्षात राहत नाही. संहितेत ‘तीन किलोवॉटचा संच घेतला तर अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान मिळतं, त्याहून लहान संचाचे आकडे खाली वर्णनात लिहिले आहेत’ एवढेच पुरे.

पहिल्या अर्ध्या मिनिटाची संहिता सर्वांत काळजीपूर्वक लिहावी. बहुतेक नवे कार्यक्रम येथेच श्रोता गमावतात: आधी लांबलचक संगीत, मग कार्यक्रमाचे नाव, मग निवेदकाची ओळख, मग ‘आजचा विषय खूप महत्त्वाचा आहे’ हे आश्वासन. त्याऐवजी आपल्या सौर व्यावसायिकाची सुरुवात अशी असू शकते:

‘नमस्कार. पॅनेल बसवलं, पहिल्या महिन्याचं बिल आलं, आणि ते शून्य नव्हतं. दर आठवड्याला कोणीतरी मला हे बिल दाखवायला येतं. चूक मीटरची नाही, पॅनेलचीही नाही. वीजबिलात दोन प्रकारची रक्कम असते. एक तुम्ही वापरलेल्या विजेची. दुसरी, जोडणी चालू ठेवल्याबद्दलची, तिला बिलावर स्थिर आकार म्हणतात. पॅनेल पहिली रक्कम कमी करतं. दुसरीला ते हात लावत नाही. आज आपण एक खरं बिल घेऊन ते ओळीओळीनं वाचणार आहोत.’

यात कंपनीचे नाव अजून आलेले नाही आणि तरी श्रोत्याला कळले आहे की बोलणारा माणूस रोज हेच काम करतो. नाव त्यानंतर एका वाक्यात यावे आणि शेवटी पुन्हा एकदा, संपर्काच्या साधनासह. मध्ये कोठेही ‘आमच्याकडे सर्वोत्तम दर्जा मिळतो’ असे वाक्य घालण्याचा मोह आवरावा. शेवटचे आवाहनही एकच असावे. ‘लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करा, फोन करा, आमच्या कार्यालयाला भेट द्या’ अशी पाच कामे सांगितली की श्रोता एकही करत नाही. ‘तुमच्या बिलाचा फोटो या क्रमांकावर पाठवा, पुढच्या भागात आपण तो वाचू’ हे एक काम पुढच्या भागाचा मजकूरही आणून देते. मात्र फोटोतील नाव, पत्ता व ग्राहक क्रमांक झाकण्याची सूचना त्याच वाक्याला जोडून द्यावी.

लांबीचा अंदाज घ्यायचा तर संहितेचे एक पान नेहमीच्या गतीने मोठ्याने वाचून घड्याळ पाहावे. प्रत्येकाची गती वेगळी असते आणि रेकॉर्डिंगच्या वेळी घाबरून ती वाढते. किती मिनिटांचा भाग असावा याला नियम नाही. विषय ११ मिनिटांत संपत असेल तर तो २० मिनिटांपर्यंत ओढण्याने कोणाचेच भले होत नाही.

मुलाखत असेल तर पाहुण्याशी आदल्या दिवशी फोनवर बोलावे, पण नेमके प्रश्न पाठवू नयेत. पाठवले की तो उत्तरे लिहून आणतो आणि वाचून दाखवतो. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर येते. ‘पॅनेल बसवण्याआधी घरात वाद झाला होता का?’ विचारले की गोष्ट सुरू होते. समाधानी ग्राहकाच्या तोंडी आपण लिहिलेली स्तुती घालणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. पाठ केलेले वाक्य आवाजातून लगेच ओळखू येते.

स्टुडिओ नसेल तर?

बहुतेकांना स्टुडिओची गरज नसते, खोलीची असते. फरशी, उघड्या भिंती आणि काचा असलेल्या खोलीत आवाज आपटून परत येतो आणि रेकॉर्डिंगला हंड्यातून बोलल्यासारखा घुमारा येतो. तो नंतर पूर्णपणे काढता येत नाही. गाद्या, गोधड्या, जाड पडदे किंवा कपड्यांनी भरलेले उघडे कपाट असलेली लहान खोली त्याहून कितीतरी चांगली. पंखा आणि फ्रीज बंद करावा, मोबाइल विमान मोडवर ठेवावा आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळावी. बोलण्यापूर्वी अर्धा-एक मिनिट त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवावी. संपादनात पार्श्वभूमीची घरघर कमी करण्यासाठी सॉफ्टवेअरला हा नमुना लागतो.

माइक दोन प्रकारचे असतात. कंडेन्सर माइक संवेदनशील असतो आणि लांबची रिक्षाही टिपतो. डायनॅमिक माइक प्रामुख्याने जवळचा आवाज घेतो. गजबजलेल्या घरात किंवा दुकानात डायनॅमिक माइकच घ्यावा. संगणकाला थेट जोडता येणारा यूएसबी डायनॅमिक माइक काही हजार रुपयांत मिळतो. अगदीच सुरुवात करायची तर मोबाइलला लावायचा कॉलर माइक हजार रुपयांच्या आसपास येतो आणि चालतो. माइक तोंडापासून चार बोटे ते एक वीत अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ या उच्चारांबरोबर येणारा हवेचा झोत त्यावर थेट आदळत नाही. दोन माणसे असतील तर दोन माइक आणि दोन स्वतंत्र ट्रॅक घ्यावेत, कारण एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याचा खोकला आला तर तो वेगळा कापता येतो. पाहुणा दुसऱ्या गावी असेल तर फोनवरचा आवाज रेकॉर्ड करण्यापेक्षा त्याने आपल्याच मोबाइलवर आपले बोलणे रेकॉर्ड करून फाइल पाठवावी.

काही मिनिटे खोलीबाहेरची असली तर फार चांगले. छतावर पॅनेल बसवताना पान्याचा आवाज, कारागिराचे ‘अजून थोडं वर घ्या’ हे शब्द, पाण्याच्या पाइपने पॅनेल धुण्याचा आवाज यांनी जे चित्र उभे राहते ते वर्णनाने राहत नाही. बाहेर रेकॉर्ड करताना माइकवर वाऱ्यापासून बचाव करणारी फरची टोपी मात्र हवी.

संपादनासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि बोलक्या कार्यक्रमाला पुरेसे आहे. कापायचे काय? चुका, पुनरुक्ती आणि मूळ विषय सोडून गेलेला भाग. प्रत्येक ‘म्हणजे’ आणि प्रत्येक श्वास कापू नये. माणूस यंत्रासारखा वाटू लागतो. शेवटी आवाजाची पातळी समान करावी. एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक आहे. ॲपल उणे १६ एलयूएफएस ही पातळी सुचवते. ती न पाळल्यास आपला भाग सुरू होताच श्रोत्याला आवाज वाढवावा लागतो आणि पुढचा कार्यक्रम सुरू होताच दचकून कमी करावा लागतो. फाइल एमपी३ स्वरूपात, सेकंदाला १२८ किलोबिट या दराने काढली तर एका मिनिटाला सुमारे १ एमबी जागा लागते. केवळ बोलणे असेल तर मोनो (डाव्या-उजव्या कानाला एकच आवाज) आणि ६४ किलोबिटही पुरते, आणि ज्यांचा मोबाइल डेटा रोजच्या मर्यादेतला आहे त्यांना ते सोयीचे पडते.

एआयचा आवाज वापरला तर हे सारे कष्ट वाचणार नाहीत का?

वाचतील. गूगलच्या नोटबुकएलएम या एआय साधनाने २०२४ मध्ये एखाद्या दस्तऐवजावरून दोन आवाजांतील गप्पा तयार करण्याची सोय दिली, तेव्हापासून हा प्रश्न वारंवार विचारला जातो. अशा साधनांनी संहितेचा पहिला आराखडा तयार करणे, आवाजातील घरघर कमी करणे किंवा बोललेल्याचा लेखी मजकूर काढणे ही कामे जरूर करून घ्यावीत, तपासून घ्यावीत. परंतु आवाजच उसना घेतला तर पॉडकास्टचे प्रयोजन काय उरते? जो माणूस उद्या आपल्या छतावर चढणार आहे तो कसा बोलतो, प्रश्नाला टाळतो की भिडतो, हे श्रोत्याला जोखायचे असते. माहिती त्याला दुसरीकडेही मिळाली असती.

गाणे लावले तर चालते का? आणि कायदा?

लोकप्रिय गाण्याचा तुकडा सुरुवातीला लावणे ही नव्या पॉडकास्टवाल्यांची आवडती सवय आहे. ‘काही सेकंद वापरले तर चालते’ ही समजूत चुकीची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी सेकंदांची सूट नाही. ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षे राहतात, आणि गीतकार व संगीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. म्हणून व्यापारी वापराची परवानगी देणाऱ्या संग्रहातील संगीत घ्यावे आणि परवान्याची अट वाचून तिची प्रत जपून ठेवावी. निर्मात्याने इतरांना मोफत वापरासाठी दिलेल्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या काही परवान्यांत व्यापारी वापर वर्ज्य असतो. गावातील एखाद्या हार्मोनियम किंवा संबळ वाजवणाऱ्याला मानधन देऊन स्वतंत्र चार ओळी वाजवून घेणे आणि हक्कांविषयी लेखी करार करणे हा त्याहून देखणा मार्ग आहे.

दावे करताना २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लक्षात ठेवावा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. ‘बिल शून्य, हमी आमची’ हे वाक्य म्हणूनच संहितेतून काढावे. आयुर्वेदिक किंवा आरोग्यविषयक उत्पादने विकणाऱ्यांसाठी १९५४ चा औषधे व जादूचे उपाय कायदा आहे. मधुमेहासारख्या ठरावीक आजारांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात त्याने प्रतिबंधित केली आहे. दुसऱ्याच्या लोकप्रिय पॉडकास्टवर पैसे देऊन आपली चर्चा घडवायची असेल, तर भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ध्वनिमाध्यमात ती सशुल्क असल्याचे सुरुवातीला, शेवटी आणि प्रत्येक मध्यांतराच्या आधी व नंतर स्पष्ट सांगावे लागते. पाहुण्यांकडून रेकॉर्डिंग वापरण्याची लेखी संमती घ्यावी, ओळखीचा माणूस असला तरी.

शंभर जणांनीच ऐकले, तर हे अपयश नव्हे का?

आधी आकडा कशाचा आहे ते समजून घ्यावे. जाहिरात उद्योगाच्या आयएबी या संस्थेच्या मापदंडानुसार भागाचा निदान एक मिनिटाइतका आवाज श्रोत्याच्या ॲपमध्ये उतरवला गेला की तो एक डाउनलोड धरतात आणि २४ तासांत त्याच श्रोत्याची पुनरावृत्ती मोजत नाहीत. डाउनलोड म्हणजे ऐकले असे नाही: फोनने भाग आपोआप उतरवून ठेवलेला असू शकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलने आयफोनच्या आयओएस १७ या प्रणालीसोबत भाग आपोआप उतरवण्याची रीत बदलली, तेव्हा अनेक मोठ्या कार्यक्रमांचे आकडे घसरले, आणि प्रत्यक्ष ऐकणारे मात्र तेवढेच होते. यूट्यूबचा ‘व्ह्यू’ हे पुन्हा वेगळेच माप आहे; या दोन्हींची बेरीज करू नये.

लहान व्यावसायिकासाठी डाउनलोडपेक्षा दोन गोष्टी उपयोगाच्या असतात. पहिली, भाग कोठपर्यंत ऐकला गेला. स्पॉटिफाय आणि ॲपल हे आलेखाने दाखवतात. सर्वांचा आलेख चौथ्या मिनिटाला कोसळत असेल तर त्या मिनिटाची संहिता काढून पाहावी, बहुधा तेथे कंपनीचा इतिहास सुरू झालेला असतो. दुसरी, चौकशीच्या नोंदवहीत ‘आमच्याविषयी कोठून कळले?’ हा रकाना. सातारा आणि आसपासच्या तालुक्यांतील शंभर घरमालकांनी भाग शेवटपर्यंत ऐकला आणि त्यांपैकी मोजक्यांनी संच बसवला, तरी त्या व्यावसायिकाचा खर्च वसूल होतो. मुंबई-नागपूरच्या दहा हजार श्रोत्यांचा त्याला काहीच उपयोग नाही. शिवाय विक्रीनंतरही हे भाग कामाला येतात. ग्राहकाने सावलीविषयी विचारले की व्हॉट्सॲपवर त्या भागाचा दुवा पाठवता येतो, आणि नव्या कर्मचाऱ्याला धंद्याची ओळख करून द्यायलाही तेच भाग पुरतात. लिहिलेली संहिता थोडी साफ करून आपल्या संकेतस्थळावर ठेवली तर गूगलवर शोधणाऱ्यालाही ती सापडते; आवाज शोधात सापडण्याची शक्यता त्या मानाने कमी असते.

मराठीत कोण ऐकणार?

२०११ च्या जनगणनेत ८.३ कोटी लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली आहे. त्यांतील बहुतेक जण आपले वीजबिल, कर्ज, बांधकाम, पीकविमा यांविषयी घरात मराठीतच बोलतात. इंग्रजीत सौरऊर्जेवर पॉडकास्ट भरपूर आहेत, पण महावितरणच्या बिलावरचा ‘वहन आकार’ म्हणजे काय हे त्यांतून कळत नाही. विषय जितका स्थानिक, तितकी स्पर्धा कमी.

दर आठवड्याला भाग काढणे जमणार कसे?

जमत नाही, आणि म्हणूनच बरेच कार्यक्रम पहिल्या काही भागांनंतर गाशा गुंडाळतात. २० मिनिटांच्या भागासाठी संहिता, रेकॉर्डिंग आणि संपादन मिळून नवख्या माणसाचे एक-दोन पूर्ण दिवस सहज जातात. धंद्याच्या हंगामात ते काढणे अशक्य होते. त्यापेक्षा ६ ते ८ भागांचे एक पर्व ठरवावे. सर्व संहिता आधी लिहाव्यात, दोन-तीन बैठकींत रेकॉर्डिंग उरकावे, निम्मे भाग तयार झाल्याशिवाय पहिला भाग प्रसिद्ध करू नये आणि पर्व संपल्यावर शेवटच्या भागात तसे स्पष्ट सांगावे. सौर व्यावसायिकाने हे काम पावसाळ्यात करावे, जेव्हा छतावरची कामे मंदावतात, आणि भाग मार्चपासून सोडावेत, जेव्हा पंखे आणि एसी सुरू होऊन लोक बिलाकडे पुन्हा पाहू लागतात. दुसरे पर्व काढायचे की नाही हे नोंदवहीतील ‘कोठून कळले?’ या रकान्यावरून ठरवावे.